कीवर्ड महाडचा, गिऱ्हाईक कुठलं?

इंग्रजीत एम-ए-एच-ए-डी ही पाच अक्षरं टाइप केली की एकट्या रायगड जिल्ह्यातली दोन गावं समोर येऊ शकतात. एक महाड: सावित्रीच्या काठचं, चवदार तळ्याचं, रायगड किल्ल्याला जाताना वाटेत लागणारं. दुसरं महड: खोपोलीजवळचं, खालापूर तालुक्यातलं, अष्टविनायकांतल्या वरदविनायकाचं. दोन्हींमध्ये रस्त्याने शंभराहून जास्त किलोमीटर. देवनागरीत एका कान्याने दोघांची वाटणी करून दिली आहे, पण रोमन लिपीत तो काना गळतो. त्यामुळे महाडच्या एखाद्या लॉजवाल्याने 'महाड हॉटेल' हे शब्द इंग्रजीत धरून वेबसाइट उभी केली, तर तिच्यावर टेकणाऱ्यांत अष्टविनायक यात्रेला निघालेली मंडळीही असणार. त्यांना हवी खोपोलीजवळची खोली. ती मिळत नाही म्हटल्यावर ही माणसं दोन सेकंदांत मागे फिरतात, आणि लॉजवाला मात्र वेबसाइटवर आलेल्यांची संख्या पाहून खूश असतो.

'रायगड' या शब्दाची गत याहून वाईट. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. तोवर रायगड म्हणजे किल्लाच. आता त्या नावाखाली अलिबागचे किनारे, कर्जतची फार्महाऊस, माथेरान आणि पनवेलचे फ्लॅट एकाच रांगेत उभे राहतात. 'रायगड रिसॉर्ट' शोधणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना समुद्र हवा असतो, आणि किल्ल्याच्या पायथ्याच्या पाचाडातून समुद्र काही दिसत नाही. छत्तीसगडातलं रायगढ आहेच. शिवाय पुणे जिल्ह्यातला राजगड: रोमन लिपीत 'आय'च्या जागी 'जे' आला की स्वराज्याची एक राजधानी सोडून माणूस दुसरीत पोचतो.

लोक सर्च इंजिनमध्ये जे शब्द टाकतात त्यांना या धंद्यात कीवर्ड म्हणतात. आपल्या वेबसाइटने कोणत्या शब्दांना उत्तर द्यायचं हे ठरवताना दोन गोष्टी तोलल्या जातात. तो शब्द किती जण शोधतात, ही मागणी. त्या शब्दावर आधीच किती आणि कोण बसलं आहे, ही स्पर्धा. मागणी भरपूर आणि स्पर्धा कमी असा शब्द मिळाला की काम झालं, एवढं सगळे सांगतात. पण त्या दोन्ही आकड्यांचा जन्म मोठ्या शहरांच्या आणि मोठ्या जाहिरातदारांच्या बाजारात झाला आहे. महाड आणि शेजारच्या पोलादपूरसारख्या भागात ते जसेच्या तसे वाचले की फसगत होते.

जन्माची गोष्ट थोडी पाहायला हवी. १९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' या सर्च इंजिनने शब्दांचा लिलाव सुरू केला. जो जाहिरातदार एका क्लिकला जास्त पैसे देईल, तो वर. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने 'अ‍ॅडवर्ड्स' आणलं आणि पुढे हाच त्यांच्या कमाईचा मुख्य झरा झाला. कोणता शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो हे सांगणारा गूगलचा 'कीवर्ड प्लॅनर' जन्मला तो या जाहिरातदारांच्या सोयीसाठी. त्यात 'स्पर्धा' नावाचा एक रकाना असतो: कमी, मध्यम, जास्त. नव्याने या कामात पडलेले बहुतेक जण इथेच घसरतात. तो रकाना सांगतो की या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावताहेत. फुकटच्या निकालांत पहिल्या पानावर येणं किती अवघड आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. 'चवदार तळे सत्याग्रह' या शब्दावर जाहिरात कोण करणार? तिथे रकान्यात 'कमी' दिसलं तर नवल नाही. पण फुकटच्या निकालांत तिथे विकिपीडिया, वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षांचे क्लासवाले असे तगडे गडी बसलेले असतात.

दुसरी अडचण आकड्यांची. जाहिरातीवर पैसे न घालणाऱ्या खात्याला प्लॅनर नेमका आकडा देत नाही. '१०० ते १ हजार', '१ हजार ते १० हजार' असे ऐसपैस टप्पे दाखवतो. वर जवळजवळची रूपं एकत्र मोजतो. गूगल ट्रेंड्स तर आकडा देतच नाही. निवडलेल्या काळातला सर्वांत मोठा शोध १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात मांडतो. 'रायगड किल्ला' तिथे सुबक दिसेल. 'वाळण कोंड' किंवा 'कोल लेणी' टाकलं तर पुरेशी माहिती नाही असं उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे या भागातले बहुतेक उपयोगी शब्द यंत्राच्या लेखी शून्य.

हे शून्य फसवं आहे. गूगल स्वतः सांगत आलं आहे की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच न आलेले असतात. कीवर्डची आकडेवारी विकणाऱ्या 'एचरेफ्स' या कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या माहितीसाठ्याची पाहणी केली, तेव्हा जवळपास ९५ टक्के कीवर्ड महिन्याला १० किंवा त्याहून कमी वेळा शोधले जाणारे निघाले. क्रिस अँडरसन यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये 'वायर्ड' मासिकात 'लाँग टेल', म्हणजे लांब शेपटी, ही कल्पना मांडली ती पुस्तकं-गाण्यांच्या विक्रीबद्दल. शोधशब्दांनाही ती चपखल बसली. डोक्याकडे मूठभर लोकप्रिय शब्द, आणि मागे लाखो बारीकसारीक शब्दांची न संपणारी शेपटी. महाड आणि पोलादपूर तालुक्यांचा जवळजवळ सगळा व्यवहार या शेपटीत आहे.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी. पाचाडला कुणाचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. 'रायगड किल्ला' हे शब्द महिन्याला ५० हजार वेळा शोधले जातात असं धरू. या होमस्टेचं पान तिथे तिसाव्या क्रमांकावर आलं, म्हणजे तिसऱ्या पानाच्या तळाशी. तिथवर बोट नेणारा माणूस विरळा, क्लिक जवळपास शून्य. आता 'रायगड रोपवेजवळ राहण्याची सोय' हे शब्द महिन्याला फक्त ६० वेळा शोधले जातात असं धरू. पहिल्या क्रमांकाच्या निकालाला साधारण पाव हिस्सा तरी क्लिक मिळतात, असं बहुतेक अभ्यास सांगतात. म्हणजे १५ माणसं. ही १५ माणसं शाळेचा प्रकल्प लिहीत नाहीत. त्यांना पुढच्या शनिवारी खोली हवी आहे. त्यातल्या तिघाचौघांनी फोन केला तरी चार खोल्यांच्या घराचा एक शनिवार-रविवार भरतो.

शोधणाऱ्याच्या मनात काय आहे याची पहिली नीट विभागणी आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये एका निबंधात केली. माहिती हवी असलेले, ठरावीक जागी पोचू पाहणारे आणि काही काम उरकू पाहणारे, असे तीन गट त्यांनी पाडले. आजही कीवर्डचा अभ्यास याच पायावर चालतो. पण एकाच शब्दाच्या पोटात हे तिन्ही हेतू नांदू शकतात, आणि ऋतूबरोबर त्यांचं प्रमाण पालटतं. शिवथरघळ हे त्याचं झकास उदाहरण. समर्थ रामदासांनी दासबोध जिथे सांगितला ती ही घळ, अशी श्रद्धा. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. दासनवमीच्या सुमारास हा शब्द टाकणारा माणूस मुक्कामाची व्यवस्था, प्रसाद आणि दर्शनाची वेळ पाहतो. जुलैत तोच शब्द टाकणारा बहुधा धबधबा पाहायला निघालेला असतो आणि त्याला विचारायचं असतं की गाडी कुठवर जाते, रस्ता कसा आहे. दोघांना एकच पान दाखवलं तर एकाचं समाधान होईल, दुसरा मागे फिरेल. शिवाय शब्दही एक नाही. कुणी 'शिवथर घळ' असं तोडून लिहितो, कुणी जोडून, कुणी 'सुंदरमठ' म्हणतो, आणि रोमन लिपीत तर 'ळ'चा 'एल' होऊन बसतो.

मागणीला पंचांग असतं, ही गोष्ट परदेशी पाठ्यपुस्तकांत नाताळच्या खरेदीपुरती येते. महाडात मात्र सगळं पंचांगच पसरून बसावं लागतं. ६ जून १६७४ हा शिवराज्याभिषेकाचा दिवस, म्हणून दरवर्षी ६ जूनला गडावर सोहळा. आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला दुसरा. ६ जून कॅलेंडरात पक्का आहे, तिथी दरवर्षी सरकते. त्यामुळे 'यंदा राज्याभिषेक सोहळा कधी' हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो. चैत्र पौर्णिमेला शिवपुण्यतिथी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्याले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचं दहन झालं. या दोन तारखांना राज्यभरातून लोक महाडला येतात. गणपतीत मुंबई-गोवा महामार्ग. पावसाळ्यात घाट.

कीवर्ड प्लॅनरमधला ठळक आकडा हा बारा महिन्यांची सरासरी असतो. एखादा शब्द वर्षभरात १,२०० वेळा शोधला गेला आणि ते सगळे शोध मार्चच्या दहा दिवसांतच झाले, तरी प्लॅनर म्हणणार महिन्याला १००. हा आकडा पाहून शब्द सोडून देणारा माणूस वर्षातला सर्वांत मोठा आठवडा घालवतो. '२० मार्च महाड राहण्याची व्यवस्था', 'चवदार तळे ते क्रांतिस्तंभ कसे जायचे', 'महाड एसटी जादा गाड्या' हे असले शब्द. त्यांवर सत्याग्रहाच्या इतिहासाइतकी गर्दी नाही, कारण क्लासवाल्यांना त्यात रस नाही. पान मात्र जानेवारीत तयार हवं. सर्च इंजिनला नवं पान सापडायला आणि त्याची जागा ठरायला आठवडे लागतात. १९ मार्चला टाकलेलं पान पुढच्या वर्षीच कामाला येतं.

पोलादपूरचं दुखणं वेगळं आहे. हे नाव एकमेव आहे, महाडसारखा घोळ नाही, त्या नावावर स्पर्धाही फारशी नाही. पण बहुतेकांसाठी पोलादपूर हे वाटेवरचं गाव. गोव्याकडे जाणारा पुढे कशेडी घाट चढतो, महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाटाने वळतो. मुक्काम दुसरीकडे असल्यामुळे गावाचं नाव शोधात येतच नाही. स्पर्धा नसण्याचं कारण अनेकदा मागणी नसणं हेच असतं; 'कमी स्पर्धा' म्हणून आनंदून जाण्याआधी एवढं पाहावं. पोलादपूरच्या नाक्यावरच्या हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक हवं असेल तर त्याने आपलं नाव सोडून रस्त्याचं नाव धरायला हवं. 'आंबेनळी घाट सुरू आहे का', 'मुंबई ते महाबळेश्वर महाड मार्गे', 'कशेडी बोगदा की घाट'. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीचा एक बोगदा हलक्या गाड्यांसाठी उघडला, तेव्हा हा शेवटचा प्रश्न जन्माला आला. त्याआधी अशी मागणी असण्याचा प्रश्नच नव्हता. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला होता, आणि त्यानंतर दर पावसाळ्यात घाटाची चौकशी ठरलेली. अशा शब्दांवर गूगल ताज्या पानांना झुकतं माप देतं. नाक्यावर बसलेल्या माणसाला घाटाची खबर मुंबईच्या प्रवास-वेबसाइटच्या कितीतरी आधी लागते. तारीख घालून रोज दोन ओळी बदलल्या, तरी मोठ्या वेबसाइटचं तीन वर्षांपूर्वीचं पान मागे पडू शकतं.

इथे एक कडू बाजू सांगायला हवी. या भागाच्या नावांचे सर्वांत जास्त शोध संकटांच्या दिवशी होतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला, २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली. ट्रेंड्सच्या आलेखात अशा तारखा सुळक्यासारख्या वर येतात आणि शेजारचं सगळं त्यांच्यापुढे सपाट दिसतं. ते सुळके बाजूला ठेवूनच बाकीचा आलेख वाचावा लागतो. तळियेच्या नावावर पर्यटकांना ओढणारी पानं लिहिणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

आता स्पर्धेकडे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या निबंधात मांडलेला 'पेजरँक'चा विचार साधा होता: ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात, विशेषतः वजनदार पानं, ते पान महत्त्वाचं. आज गूगल शेकडो गोष्टी पाहतं, पण बाजारातली साधनं कीवर्डची 'डिफिकल्टी' मोजताना अजून मुख्यतः हाच धागा पकडतात. एचरेफ्स पहिल्या दहा निकालांकडे किती वेबसाइटवरून दुवे आले आहेत हे मोजतं आणि ० ते १०० मध्ये गुण देतं. इंग्रजीत याचा उपयोग होतो. मराठी निकालांत मात्र पहिल्या दहांपैकी कित्येक पानांकडे दुवेच नसतात, त्यामुळे सगळंच सोपं दिसतं. निकालांच्या वर पूर्वी दिसणारा 'सुमारे इतके लाख निकाल' हा आकडाही निरुपयोगी. झुंज दहांशी असते, लाखांशी नव्हे.

मग डोळ्यांनी पाहणं आलं. शब्द टाकायचा आणि पहिली दहा पानं एकेक उघडायची. वीर स्टेशनचं उदाहरण या कामासाठी फार चांगलं. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. महाडला जायला रेल्वेने येणारा माणूस सहसा वीरला उतरतो. पण 'महाड' नावाचं स्टेशन नाही. नाशिक-नागपूरहून पहिल्यांदा येणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, तो 'महाड रेल्वे स्टेशन' असंच शोधणार. निकाल उघडून पाहणाऱ्याने स्वतःला विचारायचं: 'उतरायचं वीरला, तिथून एसटी किंवा रिक्षा, रात्रीची गाडी असेल तर बाहेर काय मिळतं' हे या दहांपैकी किती पानं सांगतात? गाडीच्या वेळापत्रकांची यंत्राने बनवलेली पानं असतील तर ती या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. तिथे जागा आहे. मागणी एका नावाने येते आणि माल दुसऱ्या नावाने पडलेला असतो, तिथे मधला दुवा होणारं पान चालतं.

अशा जोड्या या दोन तालुक्यांत बऱ्याच आहेत. गिर्यारोहक 'मंगळगड' म्हणतात, जुन्या कागदपत्रांत 'कांगोरी'. गांधारपाले लेणी अनेकांना 'पांडवलेणी' म्हणून ठाऊक, आणि पांडवलेणी टाकलं की नाशिक पुढे सरसावतं. तानाजी मालुसऱ्यांची समाधी पोलादपूर तालुक्यात उमरठला आहे, पण शोधणारा तानाजींचं नाव टाकतो, उमरठचं नव्हे. तिथे सिंहगडाच्या पानांशी गाठ पडते. चंद्रगडावरून ढवळे घाटाने आर्थर सीटला चढणारे ट्रेकर थोडेच, पण वाटाड्या हवाच असं ठरवूनच आलेले असतात. ढवळे गावातल्या वाटाड्याला महिन्याला दहा शोध पुरतात.

किल्ल्यांच्या बाबतीत हल्ली एक नवी संधी आली आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत रायगड आहे आणि प्रतापगडही. प्रतापगड सातारा जिल्ह्यात, पण पोलादपूरहून आंबेनळीने जाताना वाटेतच. 'युनेस्को किल्ले यादी' या शब्दावर लढण्यात अर्थ नाही. त्यावर वर्तमानपत्रं आणि परीक्षावाले तुटून पडले आहेत. 'रायगड प्रतापगड दोन दिवसांत', 'रायगडावरून प्रतापगडला कसे जायचे' यांचं उत्तर मात्र महाड-पोलादपूरमधला माणूसच नीट देऊ शकतो, कारण मधला मुक्काम त्याच्याच दारात पडतो.

मराठीत लिहिलं की स्पर्धा कमी, हे अर्धंच खरं. मराठी माणूस मराठी मजकूर शोधतानाही अनेकदा रोमन लिपी वापरतो. 'रायगड किल्ला माहिती मराठी' हे पूर्ण रोमनमध्ये, किंवा इंग्रजी शब्द टाकून शेवटी 'इन मराठी' अशी शेपटी. देवनागरीत टाइप करणाऱ्यांचीही एक गंमत. 'पायऱ्या' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने, एकदा साध्या 'र'नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. मोठी सर्च इंजिनं हा भेद बहुधा सांभाळून घेतात, छोटी अंतर्गत शोधयंत्रं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलचा आवाजी शोध मराठीत आला. टाइप करणारा 'रायगड पायऱ्या' एवढ्यावर भागवतो. बोलणारा माणूस अख्खा प्रश्न विचारतो, 'रायगडाला किती पायऱ्या आहेत आणि म्हाताऱ्या माणसाला चढता येतील का'. या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कोणत्याही कीवर्डच्या यादीत नसतो. रोपवेच्या तिकीटखिडकीपाशी मात्र तो रोज ऐकू येतो.

अशा ऐकीव प्रश्नांची छाननी करायला सर्च बॉक्सच पुरतो. अक्षरं टाइप करताना खाली उतरणाऱ्या सूचना, २००४ मध्ये केव्हिन गिब्ज या गूगलच्या इंजिनियरने सुरू केलेला हा प्रकार, लोकांनी खरोखर केलेल्या शोधांवरून तयार होतात. 'पाचाड' लिहून जागा सोडायची आणि क, ज, प, र अशी अक्षरं एकेक टाकत जायचं. फुकटात मिळणारी ही मागणीची सर्वांत प्रामाणिक खूण. आकडा मिळत नाही, पण शब्द लोकांच्याच तोंडचे मिळतात: 'जेवणाची सोय', 'घरगुती', 'पार्किंग'. वेबसाइट बनवून देणारे 'निसर्गरम्य परिसरातील निवास' असं काहीतरी घालतात. असं कोण शोधतं?

मागणी आणि स्पर्धा यांच्या जोडीला अलीकडे तिसरा प्रश्न बसला आहे: हा शब्द शोधल्यावर क्लिक उरते का? 'रायगडाची उंची किती' याचं उत्तर गूगल निकालांच्या वरच देऊन टाकतं. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आलेल्या एआय ओव्हरव्ह्यूने तर परिच्छेदभर उत्तरं द्यायला सुरुवात केली. एका ओळीत संपणारे प्रश्न आता कितीही शोधले जावोत, छोट्या वेबसाइटच्या पदरात फार पडत नाही. उलट खोली, जेवण, वाटाड्या, गाडी या शोधांत गूगल आधी नकाशा दाखवतं. नकाशातला क्रम ठरवताना शोधणारा कुठे उभा आहे, धंद्याची नोंद कोणत्या प्रकारात केली आहे आणि लोकांनी काय शेरे दिले आहेत हे पाहिलं जातं. पाचाडच्या खानावळीने वेबसाइटआधी नकाशावरची नोंद नीट केली तर पहिलं गिऱ्हाईक तिथूनच येण्याची शक्यता अधिक. तिथेही पत्त्यातलं महाडचं नाव देवनागरीत नीट लिहिलेलं हवं, नाहीतर महडचे भाविक पुन्हा दारात.

औद्योगिक वसाहतीची तऱ्हा निराळी, तिच्याबद्दल थोडक्यात. 'महाड एमआयडीसी' या शब्दामागे बहुतांश नोकरी शोधणारी मुलं असतात. रासायनिक कारखान्याला पंप दुरुस्त करून देणाऱ्याने तो शब्द धरला तर फोन खणखणतील, पण बायोडेटा घेऊन. त्याच्या कामाचा शब्द यंत्राच्या नावाने सुरू होतो आणि त्याला वर्षभरात दोन-चार शोध आले तरी प्रत्येक शोधामागे हजारोंचं बिल असू शकतं.

पान एकदा लावून दिलं की मग अंदाजांची गरज कमी होते. गूगलचं 'सर्च कन्सोल' हे मोफत साधन दाखवतं की आपलं पान कोणत्या शब्दांवर किती वेळा दिसलं, सरासरी कितव्या जागी होतं आणि किती जणांनी उघडलं. तिथे हमखास असे शब्द सापडतात जे पान लिहिताना डोक्यातही नव्हते. दिसलं बऱ्याचदा, जागा बारावी-पंधरावी, क्लिक एकही नाही, अशा ओळी आधी शोधाव्यात. त्या शब्दाचं सरळ उत्तर पानात दोन परिच्छेदांनी वाढवलं तर पहिल्या पानावर सरकता येतं. आपलीच दोन पानं एका शब्दावर एकमेकांचे पाय ओढताना दिसली तर ती एकत्र करावीत. हे साधन १६ महिन्यांपर्यंतचाच तपशील ठेवतं. ६ जून, २० मार्च आणि घाटांचे चार महिने यांवर ज्यांचं वर्ष चालतं, त्यांनी प्रत्येक हंगाम सरल्यावर ती यादी उतरवून ठेवलेली बरी. पुढचा मार्च येईल तेव्हा जानेवारीत पान दुरुस्त करायला बसताना मागच्या दोन-तीन मार्चांचे शब्द शेजारी मांडलेले असले, की कोणता प्रश्न दरवर्षी येतो आणि कोणता एकदाच येऊन गेला ते कळतं.